पट्टीवरची फिकट रेघ

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आजपासून पुन्हा रोज लिहिणार आहे. निदान तसा विचार आहे. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि बदल्या आडबाजूच्या स्टेशनांवर व्हायच्या, त्यामुळे पाचवीपर्यंत मी घरीच शिकले, त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून. संध्याकाळी दहा ओळी मराठीत लिहायच्या आणि न पाहिलेलं काही त्यात घालायचं नाही, हा त्यांचा नियम. आता आम्ही तांबरमला स्थायिक आहोत, बाबा निवृत्त आहेत आणि मी सव्वीस वर्षांची आहे, तरी दहा ओळी लिहिल्या नाहीत की झोप नीट लागत नाही.

लिहायला कारणही आहे. गिंडीतल्या आमच्या संस्थेत आज नवं काम सुरू झालं. डासांमध्ये डेंग्यूचा विषाणू आहे की नाही हे ओळखण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. एक पीसीआर. ती अचूक आहे, पण डास बर्फात घालून आमच्यापर्यंत यायचे, रांगेत थांबायचे, तपासले जायचे, यात चार-पाच दिवस जातात. दुसरी पट्टी. डास रगडून केलेल्या द्रावणाचे थेंब टाकायचे, पंधरा मिनिटं थांबायचं. रेघ उमटली तर विषाणू आहे. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यालासुद्धा ती जागेवर करता येईल. पीसीआरने विषाणू पकडलेल्या द्रावणाच्या दर दहा नळ्यांपैकी आठ तरी पट्टीने ओळखल्या, तर महापालिकेची समिती डिसेंबरात पट्ट्या वॉर्डांना देईल. नाहीतर विषय संपला.

प्रमुख आहेत डॉक्टर राजसबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, मार्चमध्ये निवृत्त होणाऱ्या. बाकीचे त्यांना मॅडम म्हणतात, मी आणि पीसीआर करणारा अनय, दोघे मराठी म्हणून, बाई म्हणतो. त्यांची मराठी जुनी आहे आणि चाल तमिळ, त्यामुळे त्या रागावल्या तरी गाणं म्हटल्यासारखं वाटतं. पट्टी दोघींनी वाचायची, पहिल्या वाचक त्या, दुसरी मी. मतभेद झाला तर पहिल्या वाचकाचं वाचन धरायचं. हे सगळं आधीच लिहून समितीला पाठवलं आहे.

माझं वाचन धरलं जाणार नाही, हे ऐकून मला बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

अंबत्तूरचे सापळे आले. डास थंड करून बर्फाच्या ताटलीवर पसरले आणि बाईंनी चिमटा माझ्या हातात दिला. "आतां तूं निवड. मी बसतें." डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाच्या पाठीवर पांढरी नक्षी असते, ती पाहून माद्या वेगळ्या काढायच्या. हे काम बाईंचं. त्यांच्याइतकं झरझर कुणाला येत नाही, असं अनय सांगतो. मला शिकवायचं म्हणून त्यांनी स्वतःचा आनंद सोडून दिला. मी किती हळू करत होते, तरी एकदाही हात पुढे केला नाही. शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगत राहिल्या. त्यांच्या तरुणपणी विषाणू शोधायला तो जिवंत डासाच्या अंगात टोचावा लागे, काचेची सुई हाताने ओढून केसासारखी करायची, आणि मग दोन आठवडे त्या डासाला साखरपाणी देऊन जगवायचं. "घरीं नवरा उपाशी, इथें डासाला पाहुणचार," म्हणाल्या.

प्रत्येक नळीतलं अर्धं द्रावण त्या खोल गोठवून ठेवायला लावतात. अनय म्हणाला, "बाई, फ्रीजर भरला. काटकसरीला काही मर्यादा?"

"काटकसर नव्हे रे. उद्यां शंका आली तर तिला काय वाढशील?"

बाईंनी ट्यूबलाइट पुन्हा बदलून घेतली, या महिन्यात दुसऱ्यांदा. इलेक्ट्रिशियन कुरकुरला की जुनी चांगली होती. बाई कामाच्या बाबतीत किती काटेकोर आहेत.

संध्याकाळी बाईंबरोबर बसस्टॉपवर थांबले. त्या वेळच्चेरीला राहतात. त्यांची बस येईपर्यंत मी थांबावं असं त्यांना आवडतं, माझी लोकल काय, दर दहा मिनिटांनी असते. बस दिसली की विचारतात, "कुठली आली गे?" मी नंबर सांगते. माझं लक्ष कुठे असतं ते त्या तपासतात, असं मला वाटतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीनंतरची पहिली खेप. आज मन खट्टू आहे.

एका पट्टीवर मला रेघ दिसली. अगदी फिकट, धुतलेल्या कपड्यावर राहिलेल्या कुंकवाच्या डागासारखी. मी म्हटलं, "बाई, फिकट आहे." त्यांनी पट्टी उचलली, खिडकीकडे धरली, जवळ आणली, लांब नेली. मग माझ्याकडे दिली. "फिरून पाहा."

बाबा शिकवताना चूक कधी सांगायचे नाहीत. फक्त म्हणायचे, "पुन्हा बघ." त्याचा अर्थ ठरलेला असे. उत्तर चुकलं आहे. मी लगेच खोडायचे. एकदाही असं झालं नाही की त्यांनी पुन्हा बघ म्हटलं आणि माझं पहिलं उत्तर बरोबर निघालं.

मी पुन्हा पाहिलं. रेघ होती. तरी माझा आवाज उतरला. "असल्यासारखी वाटते."

"वाटतें म्हणूं नको. आहे कां नाहीं?"

"आहे."

"मला नाहीं," त्या म्हणाल्या आणि आपल्या रकान्यात नाही लिहिलं. मी माझ्या रकान्यात फिकट लिहिलं. नियमच तसा आहे, प्रत्येकीने आपलं लिहायचं. पण पट्टीला पंधरा मिनिटांहून जास्त झालं की खोटी रेघ उमटते. मी घड्याळ नीट पाहिलं होतं ना? की पट्टी जिंकावी असं मला वाटतं म्हणून डोळा मनाचंच दाखवतो?

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज चार फिकट. चारही मला एकटीलाच. "फिरून पाहा" चार वेळा.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाईंबरोबर सापळे आणायला गेले. आमच्याच तांबरममध्ये, स्टेशनच्या पश्चिमेला. गच्चीकडे जाताना जिन्यात अंधार होता, बाईंनी माझा खांदा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. एवढी मोठी बाई इतक्या मोकळेपणाने खांद्यावर हात ठेवते, याचं मला अप्रूप वाटलं.

घरमालकीण चाळिशीची. दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. सगळं तमिळमध्ये बोलली. "गेल्या वर्षीही तुम्ही डास नेलेत. रिपोर्ट आला की आमच्या गल्लीत रोग आहे. केव्हा आला? माझी मुलगी हॉस्पिटलात होती तेव्हा. आता कशाला नेता?"

मला वाटलं बाई समजावतील, की तपासणीला वेळ लागतो, नमुने फार असतात. मी मनात तेच उत्तर तयार करत होते.

बाई म्हणाल्या, "खरं आहे. आम्हांला उशीर झाला. मुलगी कशी आहे आता?"

"बरी आहे. कॉलेजला जाते."

"तो उशीर कमी करता येतो का, तेच पाहायला डास नेतो आहोत. जमेलच असं सांगत नाही."

ती बाजूला झाली. उतरताना आम्हांला ताक दिलं, आणि बाईंना म्हणाली, "अम्मा, पायरी सांभाळा." परतताना मी बाईंना विचारलं, पट्टी हरेल असं वाटतं का. त्या म्हणाल्या, "हरली तर हरली. तिला मी जन्म दिला नाहीं. पण खोटी हरूं नये, खोटी जिंकूंही नये." मग तमिळ लाडाच्या सुरात, "रेघा इतक्या थोड्या, म्हणजे आतांपर्यंत तरी हरतेच आहे, मा."

बाईंसारखं खरं बोलणं मला कधी जमेल?

१० नोव्हेंबर, सोमवार

मतभेद वाढत चालले आहेत. गडद रेघा दोघींना दिसतात. फिकट फक्त मला. पीसीआरचे निकाल अनयच्या खोलीत बंद आहेत, उघडेपर्यंत आम्हांला कळायचे नाहीत, त्यामुळे खरं काय ते तपासायलाही मार्ग नाही.

आज जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"पुन्हा पाहा म्हणाल्या."

बाबांनी आमटी वाढून घेतली. "मग?" एवढंच म्हणाले.

मगच्या पुढे काय, ते मला ठाऊक आहे. ज्या बाईने तीस वर्षं डासांच्या लाळग्रंथी सुईच्या टोकाने काढल्या, तिला दिसत नाही आणि मला दिसतं, हे कसं शक्य आहे? तांबरमच्या त्या घरी जाऊन आल्यापासून तर मला पट्टी जिंकायलाच हवी आहे. असा डोळा वाचनाला ठेवू नये. माझं वाचन धरत नाहीत हे खरं, पण ते अहवालात छापलं जाईल आणि कुणीतरी त्याच्या आधाराने वॉर्डांना पट्ट्या वाटेल. उद्या बाईंना सांगणार, मला काढा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. वाक्य पाठ केलं होतं, तरी अडखळले. "बाई, माझा डोळा हावरट आहे. मला हवं ते दिसतं. दुसरी वाचक बदला."

अनय तिथेच होता. हसला. "डोळ्यांना हावरट म्हणणारी पहिलीच पाहिली. बाकीचे लोक चष्मा लावतात."

बाई हसल्या नाहीत. "हें कुणीं ठरवलें?"

"मीच."

"तूं कोण ठरवणार? मोजलें कां?"

"नाही."

"न मोजतां डासाला चोर म्हणत नाहीं आपण, तुला कां म्हणूं? अनय, मेलेला विषाणू आहे ना तुझ्याकडे? गडद, मध्यम, फिकट, अगदीं फिकट असें पातळ करून पट्ट्या कर. कांहीं कोऱ्या. चिठ्ठ्या टाकून नंबर लाव, कुठली कसली तें तुझ्याजवळ. हिला वाचूं दे. कोऱ्या पट्टीवर रेघ दिसली तर हावरट." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मीही वाचीन. एकट्या पोरीची परीक्षा घ्यायची, हें बरें दिसत नाहीं."

माझ्यासाठी त्या स्वतः परीक्षेला बसणार. मला रडूच आलं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू, कळत नाही. पाहिलेलंच लिहिते.

सकाळी दोन टेबलं मांडली. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. अनय घड्याळ लावून पट्ट्या देत होता. कोऱ्या पट्टीवर मला रेघ दिसणारच, अशी मी मनाची तयारी केली होती.

जेवणानंतर अनयने यादी उघडली आणि आमचे कागद तिच्याशी जुळवले. मग पुन्हा जुळवले.

"वाच रे," बाई म्हणाल्या.

"बाई, मी आधी एकदा—"

"मोठ्यानें वाच."

त्याने वाचलं. कोऱ्या पट्टीवर मला एकदाही रेघ दिसली नव्हती. अगदी फिकटपैकी एक माझ्या नजरेतून सुटली होती. बाकी सगळ्या बरोबर. बाईंना गडद सगळ्या दिसल्या होत्या. मध्यमपैकी निम्म्या. फिकट एकही नाही. अगदी फिकट एकही नाही.

मला वाटलं अनयने कागद उलटे धरले आहेत. खरंच वाटलं. मी उठून पाहिले. सुलटे होते.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ट्यूबलाइटचा दोष नव्हता."

अनयला हसावं की नाही कळेना. बाईच हसल्या. "त्या इलेक्ट्रिशियनला उगाच बोललें. त्याला कॉफी पाजायला हवी."

मी म्हणाले, "बाई, मी यासाठी नव्हतं म्हटलं. मी माझ्यासाठी—"

"ठाऊक आहे. म्हणून तर सांपडलें." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी फिरून पाहा म्हणत होतें, तें मला दिसत नव्हतें म्हणून. तुला काय वाटलें?"

चिमटा, जिना, बसचे नंबर, सगळं एकापाठोपाठ डोळ्यांसमोर येत होतं, आणि त्या प्रत्येकाविषयी मी या वहीत काय काय लिहून ठेवलं आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यांच्या हॉस्पिटलात बाईंबरोबर गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन साधं आहे, डॉक्टर म्हणाले, इतके दिवस का थांबलात? बाई म्हणाल्या, "हळूहळू आलं हो. रोज थोडं धुकं वाढलं तर माणसाला वाटतं हवाच तशी आहे." तारीख पाच डिसेंबर घेतली. समितीची बैठक तीनला आहे.

दुपारी संचालकांकडे. मला दाराशीच उभं राहायचं होतं, बाईंनी आत ओढलं. संचालक भले गृहस्थ आहेत, बाईंना फार मानतात. सगळं ऐकून इंग्रजीत म्हणाले, "यात अडचण काय? दुसऱ्या वाचकाची वाचनं लिहिलेली आहेतच. आता ती बरोबर आहेत हे सिद्ध झालं. तीच धरू. तुमच्या डोळ्यांचा उल्लेख कशाला? मार्चमध्ये निवृत्त होताय, मॅडम."

मला ते पटलं होतं. अगदी मनापासून पटलं. बाईंचं नाव राहील, पट्टीही राहील.

बाई म्हणाल्या, "सर, पहिल्या वाचकाचं धरायचं असं आम्ही आधी लिहून दिलं आहे. आता आकडे पाहून म्हणायचं की दुसऱ्याचं धरतो? उद्या आकडे नाही आवडले तर तिसरा वाचक शोधू. माझी सगळी वाचनं रद्द करा, कारण लिहा, आणि सगळं पुन्हा करू."

"वेळ कुठे आहे? आणि नमुने?"

"अर्धे राखलेत."

परत येऊन सांगितलं तेव्हा अनयने फ्रीजरला हात जोडले.

समितीला जायचं पत्र बाईंनी मला सांगून लिहवून घेतलं. पहिलं वाक्य असं: पहिल्या वाचकाची, म्हणजे माझी, दृष्टी सदोष असल्याचे आढळल्यामुळे माझी सर्व वाचने रद्द समजावीत. मी विचारलं, "सदोषऐवजी मंद लिहू का?" म्हणाल्या, "कां? मंद छान दिसतें म्हणून?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सकाळी लवकर जाते, घरी येऊन जेवते आणि झोपते. पहिली वाचक आता मी. दुसरी सुष्मिता, शेजारच्या विभागातली. कामाला बसण्याआधी तिची आणि माझी पुन्हा अनयच्या पट्ट्यांवर परीक्षा झाली. बाईंनी नियमच केला, वाचणाऱ्याचा डोळा तपासल्याशिवाय पट्टी उघडायची नाही.

बाई घड्याळ सांभाळतात. पंधरा मिनिटं झाली की "आतां" म्हणतात, आणि दुपारी कुणी रेंगाळलं तर "झोंपलां कां?" त्यांच्या आवाजाशिवाय मला पट्टी वाचताच येणार नाही असं वाटतं. आज त्यांनी आपला चिमटा माझ्या खणात ठेवला. त्यांच्या खणात जागा उरली नाही म्हणाल्या. त्यांचा खण तर जवळजवळ रिकामा आहे. विसरत असतील.

एका पट्टीवर सुष्मिताला रेघ दिसली नाही, मला दिसली. माझी मान आपोआप बाईंकडे वळली. त्या घड्याळाकडेच पाहत होत्या.

मी फिकट लिहिलं.

२ डिसेंबर, मंगळवार

आज निकाल उघडले. अनय एक एक नळी वाचत गेला, पीसीआर काय, पट्टी काय. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पट्टीने दहांतल्या आठांहून थोड्या जास्त ओळखल्या. फार थोड्या जास्त. विषाणू अगदी कमी असतो तिथे ती चुकते, ते पीसीआरलाच जमतं. म्हणून बाईंनी शिफारस अशी केली की वॉर्डात आधी पट्टी करावी. रेघ दिसली तर त्याच दिवशी गल्लीत डास मारायचं काम सुरू. नाही दिसली तरी नळी पीसीआरला पाठवावी, पट्टीच्या नाहीवर कुणी निर्धास्त होऊ नये. आणि वाचणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची नजर आधी फिकट पट्ट्यांवर तपासावी, वर्षातून दोनदा. या कलमाखाली कारण म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं आहे. अनय म्हणाला, "बाई, आता शहरभर तुमच्या मोतीबिंदूची कीर्ती होणार."

"होऊं दे. डासापेक्षां वेगानें पसरूं दे."

उद्या समिती हे मानेल की नाही, माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. पण आज त्यांनी डबा पूर्ण संपवला.

जेवताना बाबांना सांगितलं. विचारलं, तुम्ही पुन्हा बघ म्हणायचात तेव्हा उत्तर नेहमी चुकलेलंच असायचं का? बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "कधीकधी मलाच येत नसायचं." आई स्वयंपाकघरातून हसली.

संध्याकाळचं राहिलं. गिंडीच्या स्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो. पाऊस पडून गेला होता, दिवे लागले होते, लांबून एक बस येत होती. बाईंनी मान वर केली.

"कुठली आली गे?"

"डी सत्तर. तुमचीच."

"फिरून पाहा."

मी पुन्हा पाहिलं.

"डी सत्तरच आहे, बाई."

"सरि, बरें," म्हणाल्या, आणि माझा खांदा धरून चढल्या.